आप्पांना हार पडला त्या वर्षी

टीव्हीवरच्या मालिकेत नायिका ज्या फोटोपुढं उभी राहून रडते, चंदनाचा हार घातलेल्या त्या फोटोतल्या माणसाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का? नाही ना? मग त्या माणसाला खरी बायको असेल, ती संक्रांतीला चुडा भरत असेल, तिच्या दारावरून शेजारणी हळदीकुंकवाला जात असतील, याचा विचार तुम्ही केला असण्याची शक्यता नाहीच. मी केलाय, कारण तो माणूस माझा बाप आहे. तो जिवंत आहे. हे लिहीत असताना पलीकडच्या खोलीत तो शेंगाचटणीत दही कालवून भाकरी खातोय आणि मधूनमधून विचारतोय, "काय लिहायलीस गं? माझं काम कसं उतरलंय?"

आत्मकथन लिहायला म्हातारपण लागतं म्हणतात. मी अजून चाळिशीही गाठलेली नाही. पण ज्या घरात बाप ऐन उमेदीत मरून पुन्हा रोज दोन वेळा पानावर बसायचा, त्या घरातल्या मुलीनं वयाची वाट कशाला बघावी?

आम्ही सोलापूरच्या भवानी पेठेत एका तीनमजली इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन होतं आणि उरलेल्या जागेत आम्ही. आई शाळेचे गणवेश शिवायची. सोलापुरात शिवलेले शर्ट कुठल्या कुठल्या राज्यांतली पोरं घालतात. आमच्या घरात मात्र बाह्या, कॉलरी, खिसे असे त्यांचे सुटे अवयव पडलेले असायचे. निळा ढीग, पांढरा ढीग, खाकी ढीग. मशीनचा आवाज सकाळी दुधाच्या आधी सुरू व्हायचा आणि थांबला की गल्लीतलं कुत्रंसुद्धा मान वर करून बघायचं, काय झालं म्हणून. उंबऱ्यात विमलकाकू काजं-बटणं करायला बसायची. ती आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. तिचा नवरा एसटीत कंडक्टर होता, मी अगदी लहान असतानाच गेला. मांडीवर बटणांचा डबा आणि दातांत धागा धरूनही ती दिवसभर कुणाची ना कुणाची टिंगल करू शकायची. असं बोलणं मी नंतर कुठल्याही रंगभूमीवर ऐकलं नाही.

आईचे वडील गिरणीत होते, आणि गिरणीपेक्षा जास्त युनियनमध्ये. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, आजोबाही गेले, पण वाटायची राहून गेलेली पत्रकं गठ्ठ्यागठ्ठ्यानं आमच्या घरी आली. मी त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. बाकीची मुलं फळांची नावं वाचायची त्या वयात मी 'बंधू-भगिनींनो, किती काळ गप्प बसणार?' हे वाचत होते. डब्यांखाली पत्रकं, कपाटात पत्रकं, आप्पांच्या प्रवासाची चटणीही पत्रकात बांधलेली. माझं नाव आजोबांनी क्रांती ठेवलं होतं. इमारतीत ते 'किरांती' झालं. नळाला पाणी आलं की खबर द्यायचं काम माझ्याकडं होतं, त्यामुळं मी ओरडले की विमलकाकू पुकारा करायची, "किरांती आली गं, घागरी काढा!" आजोबांना हवी होती ती क्रांती आमच्याकडं अशी दिवसाआड यायची.

आणि या सगळ्यात आप्पा नट होते. म्हणजे दिवसा नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात गादीवर बसून साड्या उलगडायचे, अंगावर पदर टाकून काठ दाखवण्यात त्यांचा हातखंडा होता आणि बायका म्हणायच्या, "दादा, तुमच्यावर लई खुलतीय, पर माझ्यावर खुलेल का?" हा त्यांचा पहिला अभिनय. मूळचे ते मंद्रूपचे. शेतकऱ्याचा पोरगा, गावच्या नाटकात तोंडाला रंग लागला तो पुढं धुतलाच गेला नाही. कुणीतरी कुणाला सांगितलं, कुणाच्या तरी ओळखीनं पुण्याला गेले, आणि मालिकांमध्ये त्यांना कामं मिळायला लागली. हवालदार, तलाठी, सरपंचाच्या मागं उभा असलेला माणूस, वधूपक्षाकडचा माणूस, पंचायतीत मान डोलावणारा माणूस. ही 'माणूस' नावाची जात आप्पांनी इतक्या वेळा केली की तिचा त्यांना दाखला मिळायला हरकत नव्हती. मालिकेच्या शेवटी नावं पळायची तेव्हा आम्ही सगळे टीव्हीला नाक लावून बसायचो. आप्पांचं नाव येण्याआधी जाहिरात यायची.

सेटवर त्यांना गावरान बोलायला सांगत. एकदा आप्पा मंद्रूपचं बोलले, "हितं कुटं ठिवलाय की बे नांगर?" तर दिग्दर्शकानं थांबवलं. पंचविशीतला पोरगा, पायात पांढरे बूट. म्हणाला, "काका, छान आहे, पण हे खरं वाटत नाही. थोडं गावाकडचं बोला ना." मग मुंबईत जन्मलेल्या एका मुलीनं आप्पांना गावाकडचं शिकवलं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'जी' लावायचा आणि 'ळ' दिसला की त्याच्यावर जोर द्यायचा, एवढंच ते होतं. आप्पा घरी येऊन त्याची तालीम करायचे, "व्हय जी, आलो जी, जेवलो जी," आणि विमलकाकू दातातला धागा तोडून म्हणायची, "शकू, तुझा नवरा कुणाच्या घरी चाकरीला लागलाय का गं?" शकू म्हणजे आई. ती मशीन न थांबवता हसायची.

असं गावाकडचं बनवायचा तो कारखाना आजही तसाच चालू आहे. कुठल्याही मालिकेतलं गाव बघा. तिथं धूळ नसते, शाळा नसते, डास नसतात. बायका झोपेतही शालू नेसतात. आणि सगळे गावकरी एकाच 'जी'च्या दोरीला बांधलेले. अशा गावात माझ्या बापानं आयुष्याची निम्मी वर्षं काढली, आणि तिथल्या लोकांना त्यांचं नाव कधी पाठ झालं नाही. सेटवर ते 'चटणीवाले काका' होते. जाताना आई पत्रकात बांधून शेंगाचटणी द्यायची, ती त्या युनिटभर वाटली जायची. एकदा म्हणे एका मोठ्या नायकानं चटणी खाऊन खालचं पत्रक वाचलं आणि विचारलं, "हे भांडवलदारांचा निषेध काय आहे?" आप्पा म्हणाले, "काही नाही साहेब, सासऱ्यांची पुडी हाय."

मग ती मालिका आली. तिचं नाव सांगत नाही. लांबलचक होतं आणि त्यात एकदा जन्म आणि एकदा सौभाग्य होतं. आप्पांना नायिकेच्या वडिलांची भूमिका मिळाली. नायिकेचा बाप! म्हणजे संवाद, क्लोजअप, कन्यादान. आप्पांनी दुकानात पेढे वाटले. मालकानं रजा दिली आणि वर म्हणाला, "मुरलीधर, आता परत साड्या दाखवायला येशील का न्हाय बे?" इमारतीत तर आप्पा आठवडाभर जिना चढताना-उतरताना घसा खाकरत होते. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या सुलभाकाकूंनी बोलावून चहा पाजला. त्यांचे यजमान बँकेत होते, घरात सोफा होता, आणि इमारतीत काय शुभ आणि काय अशुभ याचं खातं त्यांच्याकडं होतं.

आप्पा परतले ते फुलून. म्हणाले, "पहिल्याच दिवशी माझा फोटो काढला. कुणाचा न्हाय, माझा! लाइट काय, पडदा काय. म्हणाले, काका, शांत, प्रेमळ बघा. वर हार घालूनबी एक काढला." आई म्हणाली, "हार कशाला?" आप्पा म्हणाले, "सत्काराचा सीन असंल की." चटणीची रिकामी पुडी घडी करत आई आप्पांकडं बघतच राहिली. विमलकाकूच्या दातातला धागा तसाच लोंबत राहिला. दोघींना कळलं होतं. मलाही कळलं होतं. सोलापुरात फक्त आप्पांना कळलं नव्हतं.

चौथ्या भागात आप्पा वारले. लग्नाच्या मांडवात छातीवर हात ठेवून, "पोरी, सुखी राहा जी," असं म्हणून. आमच्या पुढच्या खोलीत त्या दिवशी सगळी इमारत जमली होती. गणवेशांच्या ढिगांवर बायका बसल्या होत्या, खिडकीत पोरं लोंबकळत होती. आप्पा मधोमध खुर्चीवर, मांडीवर शेंगांची वाटी. पडद्यावरचे आप्पा कोसळले तसा खोलीत हुंदका फुटला. सुलभाकाकू डोळ्याला पदर लावून आप्पांनाच म्हणाल्या, "भावजी, लई चांगले होते हो तुम्ही." आप्पा शेंग सोलत म्हणाले, "पडताना डावा पाय जरा हलला. पुन्हा घ्यायला पायजे होतं."

त्यानंतर ती मालिका कितीतरी वर्षं चालली आणि आप्पा भिंतीवर राहिले. नायिकेला सासूनं छळलं की ती फोटोपुढं यायची. नवऱ्यानं टाकलं की यायची. घरात मीठ संपलं तरी, मला वाटतं, यायची. "बाबा, तुम्ही असता तर..." आणि कॅमेरा आप्पांच्या चेहऱ्यावर जायचा, वीज कडाडायची. आप्पा रोज न चुकता बघायचे आणि आपल्या फोटोच्या कामाबद्दल बोलायचे. "बघ, हितं ती एवढी रडायलीय, पर मी किती संयम ठेवलाय." आई म्हणायची, "फोटो हाय तो." आप्पा दुखावून म्हणायचे, "फोटो माझाच हाय न्हवं?" पुढं तोच फोटो दुसऱ्या मालिकेच्या सेटवर गेला, तिथून तिसऱ्या. एकाच संध्याकाळी आप्पा तीन घरांत मेलेले असायचे आणि चौथ्यात जेवत असायचे. मालिकेतल्या कुणालाही या माणसाचा एक जिवंत प्रसंग लिहावासा वाटला नाही. मेलेला बाप स्वस्त पडतो, बोलत नाही आणि चटणीही आणत नाही.

हार पडला तो दिवाळीच्या सुमाराला. नंतर संक्रांत आली.

आमच्याकडं संक्रांत म्हणजे भोगीची खमंग मिसळीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि शेंगापोळी. शेंगदाण्याचं कूट आणि गुळाचं सारण भरून आई ती तव्यावर अशी कडक भाजायची की मोडताना आवाज यायचा. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली, गल्ल्यांतून हलग्यांचा आवाज, आणि इमारतीत रोज एकीकडं हळदीकुंकू. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून जिन्यानं वर-खाली करायच्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज आमच्या दारावरून जायचा. त्या वर्षी तो नुसता जायचा. दुसऱ्या मजल्यावर झालं, आम्हाला बोलावणं नाही. समोर झालं, नाही. आईनं पहिल्या दिवशी वेणी-फणी करून इस्त्रीची साडी नेसली होती. दुसऱ्या दिवशीही नेसली. तिसऱ्या दिवशी ती साडी घडी करून ट्रंकेत ठेवली आणि कॉलरींचा ढीग पुढं ओढला.  जिन्यात बांगड्या वाजल्या की ती मशीन जोरात चालवायची.

मी नववीत होते. नळावर सुलभाकाकूंना गाठून सरळ विचारलं, "काकू, आईला का बोलवत नाही?"

त्या घागर विसळत म्हणाल्या, "अगं तसं काय न्हाय बाळा."

"मग कसं आहे?"

"आता हे बघ, आमाला काय ठाऊक न्हाय व्हय, तुझे आप्पा चांगले खणखणीत हायत. कालच मंडईत दिसले, मेथी घ्यायले होते. पर रोज संध्याकाळी फोटोला हार घातलेला दिसतोय की गं. त्या पोरीनं उदबत्ती ओवाळली परवा. सवाष्णीचं काम हाय, उगं कशाला..."

उगं कशाला! हे दोन शब्द नीट ऐकून ठेवा. मी पुढं पुष्कळ वाचलं, मोर्च्यांत गेले, रूढींवर जाड जाड पुस्तकं पालथी घातली. पण सगळ्या रूढींचा पाया या दोन शब्दांएवढा नेमका कुठं सापडला नाही. कुणी तुमच्यावर ओरडत नाही, शास्त्र दाखवत नाही, शिवी देत नाही. गोड हसून म्हणतात, उगं कशाला. त्यावर वाद घालता येत नाही, कारण त्यात वाक्यच नसतं. माणूस जिवंत आहे हे डोळ्यांनी बघूनही त्याची बायको विधवा ठरवणारं हे दोन शब्दांचं न्यायालय आमच्या नळावर भरलेलं होतं.

मी घरी आले, आजोबांच्या पत्रकाची पाठकोरी बाजू घेतली आणि लाल पेनानं लिहिलं: 'जाहीर निवेदन! या इमारतीतील तमाम भगिनींस कळविण्यात येते की, श्री. मुरलीधर मंद्रूपकर हे मालिकेत वारले असून घरी जिवंत आहेत. फोटोला घाबरून आमच्या आईस हळदीकुंकवातून वगळणाऱ्या प्रवृत्तींचा जाहीर निषेध! उगं कशाला म्हणणाऱ्यांचा धिक्कार असो!' भाताची खळ लावून ते जिन्याच्या भिंतीवर डकवलं.

पहिल्यांदा वाचलं विमलकाकूनं. मोठ्यानं वाचलं आणि पोट धरून हसली. "मालिकेत वारले असून घरी जिवंत! माझ्या नवऱ्याचंबी एक काढ की गं किरांती. घरी वारले असून एसटीत जिवंत हायत म्हण. अजून तिकिटं फाडायलेत म्हण." आणि हसता हसता मान खाली घालून सुईत धागा ओवायला लागली. आईनं बाहेर येऊन पत्रक वाचलं, दोनदा वाचलं. मला वाटलं शाबासकी मिळेल किंवा थोबाडीत. ती म्हणाली, "अक्षर चांगलं हाय. मुद्दा चुकलाय," आणि आत जाऊन मशीनवर बसली. काय चुकलं ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा दुसऱ्या एका मालिकेच्या शूटिंगहून आले. पिशवी खांद्याला तशीच, जिन्यापाशी उभं राहून त्यांनी स्वतःबद्दलचं जाहीर निवेदन वाचलं. आप्पांना राग आलेला मी फार कमी वेळा पाहिलाय. नटाला राग संवादाशिवाय येत नाही. त्या दिवशी मात्र कान लाल झाले. "म्हणजे माझ्या फोटोपायी हिला..." एवढंच म्हणाले. मग दिवसभर काहीतरी पुटपुटत बसले. तालीम चालली होती, हे मला उशिरा कळलं.

रथसप्तमीला सुलभाकाकूंचं हळदीकुंकू. वर्षातलं शेवटचं आणि सगळ्यात मोठं. सोफ्यावर, सतरंजीवर, खिडकीच्या कट्ट्यावर बायकाच बायका. अत्तर, गुलाबपाणी, हरभऱ्याची ओटी, आणि वाण म्हणून झाकणाचे प्लास्टिकचे डबे कोपऱ्यात रचलेले. त्या गर्दीत आप्पा शिरले. अंगात मालिकेतलाच पांढरा सदरा, डोक्याला तोच फेटा. म्हणजे ज्या वेशात मेले त्याच वेशात. एक बाई किंचाळली. त्यांना ओढून आणायला आई मागं धावली, गळ्यात मोजमापाची टेप तशीच. आईच्या मागं विमलकाकू, हातात सुई. तिच्या मागं मी.

"भगिनींनो!" आप्पा गरजले. आयुष्यात पहिल्यांदा सगळा प्रकाश त्यांच्यावर होता आणि मधे जाहिरात नव्हती. "मी मुरलीधर मंद्रूपकर. मुक्काम भवानी पेठ, तळमजला. मी मेलेलो न्हाय! रोज तीन भाकऱ्या खातो. काल अपचन झालंतं, ते मेलेल्या माणसाला होत न्हाय! श्वास चालू हाय. नाडी चालू हाय. शंका असंल तिनं हात लावून बघा!" आणि उजवा हात पुढं केला.

कुणी हललं नाही. मग आतल्या खोलीचा पडदा सरकला आणि सुलभाकाकूंच्या सासूबाई बाहेर आल्या. त्यांना सगळे मोठ्या आई म्हणायचे. कपाळ मोकळं, म्हणून कार्यक्रमापुरतं त्यांना आत बसवलेलं असायचं. भिंतीला धरत धरत त्या आल्या, आप्पांचं मनगट धरलं, दाबून पाहिलं आणि सगळ्यांकडं वळून म्हणाल्या, "गरम हाय की गं!"

खोली हसून फुटली. हसता हसता बायकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी दोन्ही हात जोडून, मान झुकवून त्या घेतल्या. सांगते, त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी भूमिका होती, आणि तीसुद्धा जिवंत असल्याची. सुलभाकाकू पदरानं डोळे पुसत करंडा घेऊन आल्या. "ये गं शकू. मनात काय धरू नको. बस," म्हणत कुंकवाचं बोट आईच्या कपाळाकडं नेलं.

आईनं तो हात मनगटापाशी धरला.

"आता लावायलात व्हय वहिनी? ह्यांना बघून?"

"मग! आता शंका न्हाय राहिली की."

"अन् हे खरंच गेले असते तर?"

"शुभ बोल गं, सणाचं."

"शुभच बोलायलीय. हे जिवंत हायत म्हणून मी चांगली, हे गेले की मी वाईट. मग ह्यात माझं काय हो? कपाळ माझं, अन् हजेरी ह्यांची?" मग मान वळवून म्हणाली, "विमल माझ्या दारात रोज बसती. तिचा नवरा खरंच गेला. तिनं काय पाप केलं ते सांगा. तिला लावा आधी, मग मला."

 सुलभाकाकूंचं बोट हवेतच होतं. त्यावरचं कुंकू सुकायला लागलं होतं. त्या खरंच वाईट बाई नव्हत्या, हे मुद्दाम लिहिते. वाईट बायकांशी भांडणं सोपं असतं. त्या अगदी हळू म्हणाल्या, "उगं कशाला, शकू..."

आईनं त्यांचा हात सोडला आणि आम्ही सगळे खाली आलो. आप्पा फेटा काढत विचारत होते, "टाळ्या पडल्या होत्या की. मधेच काय झालं?" माझं पत्रक जिन्यात तसंच होतं. मी ते वाचलं आणि मुद्दा कुठं चुकला होता ते समजलं. आमचे आप्पा जिवंत आहेत, या एकाच खांबावर मी सगळा मांडव उभा केला होता.

इथं पत्रकातली गोष्ट असती तर विमलकाकू आईच्या गळ्यात पडली असती. ती पडली नाही. खोलीत आल्याबरोबर तिनं सुई डब्यात टाकली आणि कडाडली, "मला कशाला मधी ओढलंस? मी मागितलं होतं का कुंकू? सगळ्या माझ्या कपाळाकडं बघायल्या, तुला दिसलं न्हाय? तुझ्या बापाच्या पत्रकातली बाई न्हाय मी, शकू!" आणि गेली. त्यानंतर ती उंबऱ्यात आली नाही. बिनबटणांच्या शर्टांचा ढीग खिडकीपर्यंत चढला. आई स्वतः बटणं लावायला बसायची आणि बोटाला सुई टोचून घ्यायची. हा डाव आजोबांच्या कुठल्याच गठ्ठ्यात नव्हता. ज्यांच्यासाठी आपण लढतो असं वाटतं, त्यांना विचारायचं राहून जातं, यावर मी अजून एकही पत्रक पाहिलेलं नाही.

तरी आई मागं हटली नाही. एका रात्री भाकऱ्या थापताना म्हणाली, "येत्या रविवारी आपल्याकडं हळदीकुंकू." मी म्हटलं, "रथसप्तमी होऊन गेली. मुदत संपली." आई म्हणाली, "मुदत संपलेल्यांचंच हाय." गड्ड्यावरून तिनं निळ्या झाकणाचे डबे आणले. सगळ्या दारांवर मीच बोलावणं केलं. विमलकाकूच्या दारात मात्र आई स्वतः गेली आणि एवढंच म्हणाली, "यायचं असंल तर ये. न्हाय आलीस तरी बटणं तुझीच हायत."

रविवारी कॉलरींचे ढीग भिंतीला लावून सतरंजी अंथरली. आप्पांना बाहेर पायरीवर बसवलं, हातात शेंगापोळीची ताटली देऊन. बराच वेळ कुणीच आलं नाही. आप्पा आत डोकावून म्हणाले, "हाऊसफुल न्हाय झालं वाटतं." मग मागच्या गल्लीतली विड्या वळणारी, नवऱ्यानं टाकलेली मुलगी आली. लग्न न केलेल्या एक बाई आल्या. आणि मग जिन्यात काठीचा ठोका पडत पडत खाली आला. मोठ्या आई. त्या सतरंजीवर टेकतात न टेकतात तोवर सुलभाकाकू धावत आल्या, दारात थबकल्या, सासूला म्हणाल्या, "आत्या! तुमी हितं?"

मोठ्या आईंनी डबा मांडीवर घट्ट धरला होता. म्हणाल्या, "बस की. उगं कशाला उभी राहतीस?"

सुलभाकाकू उभ्याच राहिल्या. बसल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत.

दिवेलागणीला, सगळं आवरायला घेतलं तेव्हा, विमलकाकू आली. पदर खोचलेला, चेहरा भांडायला आल्यासारखा. आईनं करंडा उचलला तशी म्हणाली, "ते ठेव. मला कुंकू नको. मला नकोय ते." आईनं लगेच ठेवला. "तिळगूळ दे." दिला. तो तोंडात टाकून विमलकाकूनं खोलीभर नजर फिरवली. "अन् वाण? वाण काय ठेवलंयस दाखव."

आईनं निळ्या झाकणाचा डबा पुढं केला. विमलकाकूनं तो उघडला, झाकण लावलं, पुन्हा उघडलं. कानाजवळ नेऊन झाकणाचा टक असा आवाज ऐकला. "हे गेल्यापासनं," ती म्हणाली, "वरच्या बायका दरवर्षी डबे घेऊन जिन्यानं उतरायच्या. कुणाच्या हातात लाल, कुणाच्या हिरवा. मी हितं बटणं लावत बसायची. कुंकवाचं काय वाटलं न्हाय गं मला कधी. पर डबा पायजे वाटायचा." मग आमच्यापैकी कुणी काही बोलायच्या आत, तिनं त्या डब्यात बटणं ओतली आणि उंबऱ्यात बसून दातांनी धागा तोडला.

मालिका संपल्यावर आप्पांनी तो फोटो घरी आणला. आईनं हार काढून टाकला आणि फोटो मशीनच्या वर खिळ्याला लावला. त्याच खिळ्याला ती टेप अडकवते. आप्पांना आता आजोबांच्या भूमिका मिळतात. पहिल्याच दिवशी कुणी फोटो काढायला लागलं की ते विचारतात, "पोरा, कितव्या भागात?"

तुमच्याकडं एकच मागणं आहे. यंदा संक्रांतीला कुणाकुणाला बोलवायचं हे मनात ठरवताना एखादं नाव येईल आणि त्याच्या मागोमाग 'उगं कशाला' येईल. त्याच बाईच्या दारात आधी जा. तिला कुंकू हवं की नको ते तिला विचारा, तिच्या नवऱ्याची चौकशी करू नका. आणि रिकाम्या हातानं जाऊ नका. झाकणाचा एक डबा न्या.